‘स’च्या रांगेतला न आलेला सिंह

माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं लिहिलेली एक ओळ आहे : ‘यांच्या निष्काळजीपणामुळे सिंह दगावला.’ मी निवृत्त होताना हेडक्लार्कनं ती वाचली, चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “सखारामभाऊ, तुम्ही कोळशाच्या यार्डात होता ना? तिथं सिंह कुठून आला?”

तो कुठूनच आला नव्हता. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या आहेत, तर हीच सांगतो. बाकीची वर्षं कोळशाची होती, आणि कोळशाबद्दल कोळशालाही फार बोलवत नाही.

कारखान्यात येण्याआधी मी बारा वर्षं एका सर्कशीत जनावरांची निगा राखत होतो. सर्कस मोडली तेव्हा तंबू एकीकडं, घोडे दुसरीकडं आणि आम्ही माणसं वाऱ्यावर गेलो. त्या वेळी, म्हणजे पन्नाससालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, पिंपरीला माळावर नवे कारखाने उभे राहत होते. स्टेशनाच्या आसपास बाभळी, पलीकडं निर्वासितांची वसाहत, मध्येच एखादं धुराडं. आमच्या सरकारी कारखान्याच्या कॉलनीत वेल्फेअर ऑफिसर होते आगटेसाहेब. उंच, सडपातळ, खिशात तीन पेनं आणि डोक्यात तीनशे योजना.

त्यांची तेव्हाची योजना होती प्रौढ साक्षरतेची. कामगार अडाणी, त्यांना अक्षरं शिकवायची. पुस्तकातल्या चित्रांनी माणूस कंटाळतो, म्हणून जिवंत जनावरं दाखवायची. प्रत्येक अक्षराची एक रांग, रांगेत त्या अक्षराची जनावरं. कमिटीनं नमुन्यादाखल एकाच रांगेला मंजुरी दिली. कोणतं अक्षर? आगटेसाहेबांनी सभेत सांगितलं की साक्षरता, सहकार, समाजवाद हे सगळे शब्द ‘स’नं सुरू होतात, म्हणून ‘स’. सरव्यवस्थापकांचं आडनावही ‘स’नं सुरू होत होतं, पण ते त्यांनी सभेत सांगितलं नाही. तेवढं सर्वांना न सांगता समजलं.

मुलाखतीला आम्ही दोघं होतो. दुसरा उमेदवार संस्थानच्या शिकारखान्यात वीस वर्षं काम केलेला, माझ्याहून कितीतरी जाणकार. त्याचं नाव इब्राहिम. साहेबांनी मला विचारलं, “नाव?”

“सखाराम.”

“आधी कुठं होतास?”

“सर्कशीत.”

साहेबांनी कमिटीकडं वळून पाहिलं. त्यांना साक्षात्कार झाल्यासारखा दिसला. इब्राहिमला परत पाठवलं.

आता जनावरं. ससे सहज मिळाले. सांबर मावळातल्या एका बागायतदारानं पाळलेलं होतं. त्याचा दंगा वाढल्यावर त्यानं ते उदार मनानं आम्हांला दान दिलं. साप म्हणून एक धामण आणली. साहेबांना ती सशांच्या शेजारी हवी होती, कारण ‘ससा, साप’ असं म्हणायला बरं वाटतं. सापाचा वास आला की ससे खाणं सोडतात, आणि खाणं सोडलेला ससा फार दिवस काढत नाही. हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. शेवटी मधे सांबर बांधायची परवानगी मिळाली.

नदीच्या डोहातली एक मगर कोळ्यांनी धरून दिली. मी म्हटलं, “साहेब, ही मगर.”

“गावात काय म्हणतात हिला?”

“सुसर म्हणतात. पण सुसर वेगळी, तिचं तोंड लांबट—”

“गाव म्हणतं ते खरं. लोकशाही आहे, सखाराम.”

साळिंदरं दोन आली. साहेबांनी त्यांच्यात भिंत घातली आणि एकावर पाटी लावली ‘साळिंदर’, दुसऱ्यावर ‘सायाळ’. ही एकाच जनावराची दोन नावं. वर्गातल्या एका फिटरनं दोघांतला फरक विचारला, तेव्हा साहेबांनी दोन्ही पिंजऱ्यांकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सायाळ जरा विचारी असते.”

राहिला सिंह. सिंहाशिवाय ‘स’ची रांग कशी होणार? सिंह बाहेरच्या एका संस्थानी प्राणिसंग्रहातून येणार होता. पत्रं जात होती, उत्तरं येत होती. दरम्यान सिंहाचं घर बांधून झालं. पुढं जाड गजांचा मोठा पिंजरा, मागं भिंतीआड विश्रांतीची बंद खोली, मधे सरकतं लोखंडी दार. पाटी लागली : सिंह. त्रैमासिक अहवालात साहेबांनी लिहून टाकलं, सहा जनावरं आली, सातवं आलं. सातवं पुढच्या महिन्यात येणारच होतं, मग अहवाल उगाच कशाला अडवा?

सातवं काही आलं नाही. संस्थानी सिंहानं आमची वाट न पाहता देह ठेवला. आणि साहेबांनी मला हुकूम दिला : “कुणी विचारलं तर सांग, आत विश्रांती घेतोय.”

मी ते सांगत राहिलो. मला वाटलं होतं, लोक दोन दिवसांत ओळखतील. पण लोकांबद्दलचा माझा अंदाज जनावरांइतका पक्का नव्हता. दुपारची शिफ्ट सुटली की माणसं गजांना नाक लावून उभी राहत. एक टर्नर पाहुण्यांना घेऊन यायचा आणि सांगायचा, “काल शेपूट दिसली होती. काळा गोंडा!” दुसऱ्यानं डरकाळी ऐकली होती. ती बॉयलरची वाफ सोडल्याचा आवाज होता. चिंचवडचे एक गृहस्थ सिंहाच्या पायाखालची माती मागायला आले, दृष्ट काढायला. मी दिली. गुण आला असं नंतर सांगून गेले.

आमच्या या कामाबद्दल बाहेरच्यांचे दोन समज असतात. एक, जनावर माया करतं. दोन, जनावर दगा देतं. मी दोन्ही पाहिलेलं नाही. जनावर फक्त घाबरतं किंवा घाबरत नाही. ते घाबरणार नाही असं वागणं, एवढाच हा धंदा. सळसळ करायची नाही, डोळ्यांत रोखून पाहायचं नाही, वेळ चुकवायची नाही. मगरीला आठवड्यातून दोनदा खायला पुरतं. रोज टाकायला सांगतात ते बघ्यांच्या भुकेसाठी.

साक्षरतेचा वर्ग मालतीबाई घ्यायच्या. चिंचवडच्या, ट्रेनिंग कॉलेज झालेल्या, तिशीच्या. आवाज खालच्या पट्टीतला आणि जीभ लिंबाच्या फोडीसारखी. शिफ्ट सुटल्यावर चाळीसेक कामगार घेऊन त्या रांगेसमोर उभ्या राहत. सिंहाच्या रिकाम्या पिंजऱ्यापाशी आल्या की म्हणत, “हा ‘स’ अदृश्य आहे. पुढं चला.”

मार्गशीर्षातल्या एका बाजारच्या दिवशी तान्हाबाई आली. ही मोशीच्या पुढं, इंद्रायणी ओलांडून चाकणकडं जाताना जो माळ लागतो तिथली म्हातारी. दर आठवड्याला बैलगाडीतून कांदे, मेथी घेऊन कॉलनीत यायची. त्या दिवशी गाडीत गोणपाटाखाली एक हरणी होती. वर्षाच्या आतली, पिवळसर, पुढचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत असलेली.

“लांडग्यानं धरली व्हती,” म्हातारी म्हणाली. “म्या धोंडा हाणला, तवा सुटली. हितं तुमी जनावरं ठिवता म्हनून आनली.”

आगटेसाहेब नेमके तिथं होते. त्यांनी हरणीकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं. “आजी, हरीण ‘ह’मध्ये येतं.”

“ह्यात येतंय न्हवं? मंग घ्या की.”

“‘ह’ला अजून मंजुरी नाही.”

“मंग म्या काय मंजुरी येस्तवर हिला गाडीतच ठिवू? पाय सडंल तिचा!”

मालतीबाई पुढं आल्या. “साहेब, संस्कृतात हरणाला सारंग म्हणतात. ‘सारंग’ पाटी लावू. ‘स’ आहे.”

साहेबांनी खरोखरच विचार केला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग मान हलवली. “सारंग म्हणजे मोरसुद्धा होतो, बाई. भुंगाही होतो. कामगारांचा गोंधळ होईल.” आणि ते ऑफिसात निघून गेले.

म्हातारी माझ्याकडं पाहत राहिली. हरणीचा श्वास भात्यासारखा चालला होता. हरणाचं एक असतं, त्याचा पाय मोडला तर बरा होतो, पण भीतीनं त्याचं काळीज फुटतं. पाठलाग करून हरीण धरता येतं. जगवता येत नाही. तिला आणखी पाच कोस गाडीतून हिंदकळत परत नेली असती तर ती वाटेतच गेली असती.

त्या सगळ्या रांगेत शांत, अंधारी, बंद अशी एकच जागा होती.

मी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, तिला छातीशी घेतलं आणि मागच्या बाजूनं सिंहाच्या विश्रांतीच्या खोलीत नेलं. बांबूच्या कामट्या तासून, कापूस लावून, जुन्या धोतराच्या पट्टीनं पाय बांधला. मालतीबाईंनी पाय धरला. त्यांचे हात स्थिर होते, ओठ मात्र दाताखाली होते. तान्हाबाई दारात पाठ करून बसली, कुणी आलं तर खोकायला.

“किती दिवस लागतील?” बाईंनी विचारलं.

“सहा आठवडे. हिनं खाल्लं तर.”

तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी तान्हाबाईनं पाठवलेल्या हरभऱ्याच्या पाल्यातली दोन पानं खाल्ली. मी खोलीबाहेर येऊन उगाचच सांबराला दोनदा पाणी पाजलं.

चार आठवडे बरे गेले. ‘सिंह विश्रांती घेतोय’ हे आता मला निम्मं खरं सांगता येत होतं. निदान आत कुणीतरी विश्रांती घेत होतं.

मग मुंबईहून मोठे पाहुणे येणार असं ठरलं. साक्षरतेचा अभिनव प्रयोग पाहायला. कॉलनीला चुना लागला, सशांना आंघोळ घालण्याचा हुकूम आला (मी तो पाळला नाही), बँड आला. सकाळी दहाला पाहुणे आले. धिप्पाड, हसतमुख, हौशी. त्यांनी ससे पाहिले, साप पाहिला, सायाळ आणि साळिंदर पाहून ‘किती विविधता!’ म्हणाले. मग सिंहाच्या पिंजऱ्यापुढं थांबले.

“वनराज कुठं आहेत?”

“विश्रांती घेतायत, साहेब,” आगटे म्हणाले.

“असू दे. मला घाई नाही.” पाहुण्यांनी खुर्ची मागवली. मागं दोनशे माणसं, फोटोग्राफर, बँड. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आगटेसाहेबांच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये जाताना मला दिसत होती.

पाहुणे उठले. “आपण असं करू. मधलं दार सरकवा. वाद्यं वाजवा, म्हणजे उठेल. काय?”

बँडवाल्यानं ढोल गळ्यात अडकवला. दोन शिपाई पिंजऱ्याला बाहेरून वळसा घालून सरकत्या दाराच्या साखळीपाशी गेले. दार उघडलं असतं, ढोल वाजला असता, तर कामट्या बांधलेल्या पायानं ती भिंतीवर, गजांवर आदळत राहिली असती. दोनशे माणसं ओरडली असती. दोन मिनिटांत सगळं संपलं असतं.

मी पुढं झालो. “साहेब, दार उघडू नका. सिंह मेला.”

बँडवाल्यानं ढोल गळ्यातून काढला. आगटेसाहेबांनी माझ्याकडं जसं पाहिलं तसं मी सर्कशीत फक्त झोपाळ्यावरून हात सुटलेल्या माणसाला पाहताना पाहिलं होतं.

“कधी?” पाहुण्यांनी विचारलं.

“पहाटे. नदीकाठी पुरला. समारंभाला विघ्न नको म्हणून बोललो नाही.”

पाहुण्यांनी टोपी काढली. “दोन मिनिटं शांत उभे राहू या.”

आणि कारखान्याचे अधिकारी, कमिटी, फोटोग्राफर, बँड, दोन शिफ्टचे कामगार त्या रिकाम्या पिंजऱ्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. शेपूट पाहिलेला टर्नर डोळे पुसत होता. पाहुण्यांसाठी आणलेला हार पिंजऱ्याच्या गजाला घातला गेला. नंतर भाषणात पाहुणे म्हणाले की सिंह गेला तरी सिंहाची वृत्ती कामगारांत जिवंत राहील. टाळ्या झाल्या. मालतीबाई पदर तोंडाला लावून मागं उभ्या होत्या. लोकांना वाटलं, रडतायत.

पण सरकारी सिंह असा फुकट मरत नाही. आठवड्यात चौकशी लागली. आगटेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “सखाराम, सिंह नव्हताच असं तू म्हणालास तर माझा अहवाल खोटा ठरेल.”

“मग?”

“मग मी त्यांना ती आतली खोली उघडून दाखवीन.”

त्यांना माहीत होतं, कधीपासून ते मी विचारलं नाही. पट्टी सुटायला अजून दहा-बारा दिवस होते.

चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. सभ्य, थकलेले गृहस्थ. “सिंहाला काय झालं होतं? सविस्तर सांगा.”

मी सांगू लागलो. आधी बनवून सांगणार होतो. पण सर्कशीत आमच्याकडं एक म्हातारा सिंह होता, बादशहा नावाचा. शेवटच्या पावसाळ्यात त्याला खालचा दात सडल्यामुळं मांस चावता येईना. मी खिमा करून हातानं भरवायचो. मालकानं डॉक्टर बोलावला नाही. म्हणाला, म्हाताऱ्यावर वेळ कशाला घालवतोस? नवव्या दिवशी त्यानं माझ्या हातावर जीभ ठेवली, पण चाटायचं त्राण नव्हतं. मी तेच सगळं सांगत गेलो, दिवस न् दिवस. त्याच्याविषयी तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मधेच अधिकाऱ्यांनी स्वतः उठून पाणी दिलं.

“डॉक्टरला का बोलावलं नाहीत?”

“चुकलं, साहेब,” मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.

त्यांनी जड मनानं निष्काळजीपणा लिहिला. मला रांगेवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकण्याचा हुकूम निघाला, महिनाअखेरीपासून. आगटेसाहेबांना सिंहाच्या मृत्यूच्या काळात दाखवलेल्या धैर्याबद्दल बढती मिळाली आणि ते गेले. त्यांच्यामागं रांगेचं कौतुक ओसरलं. मगर एका पावसाळ्यात नदीत परत गेली, म्हणजे नवीन माणसानं दार उघडं ठेवलं. सांबर मात्र गेलं, चुकीच्या चाऱ्यानं पोट फुगून. मी तीनशे पावलांवर कोळसा ओढत होतो आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच्यासाठी कुणी मान खाली घातली नाही. ते मला अजून लागतं. हुकूम असो नसो, रोज एक फेरी मारायला माझे पाय काही बांधलेले नव्हते.

पण हुकूम निघाला आणि यार्डात जायचा दिवस आला, त्यामधे एक रविवार होता. सकाळीच मी पट्टी सोडली. हाड जुळलं होतं, किंचित वाकडं, पण भक्कम. दुपारी तान्हाबाईची रिकामी गाडी मागच्या भिंतीला लागली. मालतीबाईंनी आपले चाळीस विद्यार्थी रविवार असूनही बोलावले आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला मगरीसमोर उभे करून मोठ्यानं वाचायला लावले. ‘सु-स-र! सु-स-र!’ त्या गजरात मी हरणीला डोळे बांधून गाडीत ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि शेजारी बसलो. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि खडू धरलेला हात थोडा वर केला.

इंद्रायणी ओलांडून माळावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वारा गार होता. लांब, उताराला पाचसहा हरणं चरत होती. मी तिला उतरवलं, फडकं काढलं आणि मागं सरलो. ती हलेना. एवढं मोकळं तिनं महिना-दीड महिना पाहिलं नव्हतं.

“जा की गं बाई,” तान्हाबाई हळूच म्हणाली.

तिनं कान वळवले. मग दोन पावलं टाकली, लंगडत. मग आणखी चार. मग तिनं एकदम उडी घेतली, आपल्या अंगात एवढी उडी आहे हे तिलाच माहीत नसल्यासारखी, आणि गेली. लंगडणं दहा उड्यांपर्यंत दिसलं. त्यापुढं माझ्या डोळ्यांतच पाणी आलं, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही.

म्हातारीनं कमरेवर हात ठेवला आणि माळाला लागून असलेल्या आपल्या रानाकडं पाहिलं. हरभरा ऐन घाट्यावर आला होता.

“बगा, सकाळच्याला माझाच हरबरा खाईल ही भवानी,” ती म्हणाली. “सा आठवडं म्याच चटक लावलीया.”

मग ती कुंपणापाशी गेली, बोराटीची एक फांदी धरून ओढली आणि एक हरीण सहज आत जाईल एवढी वाट करून ठेवली.